उघडलंच आहे तर…

माझ्दा आरएक्स-७ या स्पोर्ट्‌स कारची तिसरी पिढी, जिला तिचे चाहते नुसतं ‘एफडी’ म्हणतात, १९९१ पासून २००२ पर्यंत बनत होती. म्हणजे आज रस्त्यावर असलेली सर्वांत तरुण एफडीसुद्धा विशी ओलांडून गेली आहे. तिच्या देखणेपणाबद्दल, हलकेपणाबद्दल, १३०८ सीसीच्या इवल्याशा रोटरी इंजिनातून निघणाऱ्या अडीचशेहून जास्त अश्वशक्तीबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. तिच्या रबरी नळ्यांबद्दल मात्र ज्यांच्यावर पाळी आली तेच बोलतात. इनटेक मॅनिफोल्डखाली, वरून डोकावलं तर धड दिसतही नाहीत अशा साठ-सत्तर बारीक व्हॅक्यूम नळ्या एकमेकींत गुंतून बसलेल्या असतात. त्यांना किंमत अशी नाहीच, मीटरवर मिळणारा माल. पण तिथवर हात पोचायला थ्रॉटल बॉडी, वरचा मॅनिफोल्ड आणि त्याभोवतीचं बरंच काही सुटं करावं लागतं, आणि एवढ्या खटाटोपाची मजुरी नळ्यांच्या किमतीच्या कितीतरी पट होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मग साहजिकच मालकाच्या आणि मेकॅनिकच्या तोंडी एकच वाक्य येतं, ‘उघडलंच आहे तर…’, आणि कामाची यादी फुगत जाते. या वाक्यात शहाणपण आहे हे मला मान्य आहे. पण ते जितकं समजलं जातं त्याच्या निम्मंच आहे, आणि उरलेल्या निम्म्यात इंजिन मारण्याची ताकद आहे. माझं सगळं म्हणणं या दोन निम्म्यांच्या मधली रेघ कुठे ओढायची याबद्दल आहे.

आधी या नळ्या करतात काय ते पाहू. एफडीला दोन टर्बो आहेत, पण ते सदैव जोडीने चालत नाहीत. कमी फेऱ्यांवर सगळा एक्झॉस्ट पहिल्याच टर्बोला मिळतो, म्हणजे गाडी लगेच ओढ घेते. फेरे वाढू लागले की थोडा एक्झॉस्ट दुसऱ्या टर्बोकडे सोडून त्याला आधीच गरगरत ठेवतात, आणि ४५०० फेऱ्यांच्या आसपास त्याची हवा पहिल्याच्या हवेला मिळते. ही बदली ड्रायव्हरला धक्का न जाणवता व्हावी म्हणून किमान पाच झडपा योग्य क्षणी उघडाव्या किंवा मिटाव्या लागतात. त्या झडपा हलतात त्या मोटरने नव्हे, तर हवेच्या दाबाने किंवा दाबाच्या अभावाने. दाब साठवायला एक डबी, निर्वात साठवायला दुसरी, वाट उघडझाप करायला सोलेनॉइड, उलट्या दिशेने हवा जाऊ नये म्हणून एकमार्गी व्हॉल्व्ह, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या त्या नळ्या. १९९० च्या सुमाराला इलेक्ट्रॉनिक्स आजच्याइतकं स्वस्त आणि भरवशाचं असतं, तर ही रचना कुणी केली नसती. पण ती केली गेली आणि नवी असताना ती सुरेख चालते. जुनी झाली की एखादी नळी तडकते, दुसरी निप्पलवर सैल होते, दुसरा टर्बो वेळेवर जागा होत नाही किंवा बूस्ट मर्यादेबाहेर उसळतं. भारतातल्या वाचकाला हे अगदीच परकं वाटायला नको. पेट्रोल गाडीतल्या ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम नळी तडकली की पेडल दगडासारखं कडक होतं, हा त्याच जातीचा आजार.

एफडीत मात्र हा आजार गैरसोयीवर थांबत नाही. तिच्या कॉम्प्युटरला इंजिनात किती हवा शिरते आहे हे थेट मोजता येत नाही. मॅनिफोल्डमधला दाब, हवेचं तापमान आणि फेरे यांवरून तो हिशोब बांधतो, आणि त्या दाबाची खबर त्याला मिळते तीही एका बारीक नळीतूनच. टर्बो पूर्ण जोरात असताना ही एक नळी निखळली, तर सेन्सरला बाहेरचा साधा वातावरणाचा दाब दिसतो, कॉम्प्युटर त्या बेताने पेट्रोल देतो, आणि इंजिनात प्रत्यक्षात त्याच्या दीडपटीहून अधिक दाबाची हवा कोंबली जात असते. मिश्रण विरळ होतं, इंधन वेळेआधी आणि वेड्यावाकड्या पद्धतीने पेटतं, आणि रोटरच्या टोकावरची एपेक्स सील नावाची पातळ पट्टी मोडते. पिस्टनच्या इंजिनात निदान हेड उतरवून आत पाहता येतं, एखाद्या सिलिंडरपुरता उपाय शोधता येतो. रोटरीत अर्धंमुर्धं असं काही नाही. सील मोडली की इंजिन गाडीतून उतरवायचं आणि पूर्ण खोलायचं. म्हणून ‘बिघडेल तेव्हा बघू’ हा सल्ला इथे लागू पडत नाही. बिघाड एका नळीचा असतो आणि बिल अख्ख्या इंजिनाचं येतं.

त्यात रबराचा स्वभावच असा की ते वापराने झिजतं त्याहून जास्त काळाने झिजतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याच्या लांब साखळ्यांवर काम करत राहतात. काही तुटतात, काही एकमेकींना नको तितक्या बांधल्या जातात, आणि लवचिक नळी कडक, मग ठिसूळ होते. उष्णता या क्रियेला वेग देते. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ठोकताळा रबराच्या धंद्यात सर्रास वापरतात. रोटरी इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट ही दोन्ही दारं इंजिनाच्या एकाच अंगाला असतात, म्हणजे लालबुंद होणाऱ्या टर्बोंच्या शेजारीच हे सगळं जाळं शिजत असतं. गाडी फक्त रविवारी काढली, मीटरवर किलोमीटर कमी आहेत, हे विक्रेत्याचं आवडतं वाक्य रबराच्या बाबतीत फारसं कामाचं नाही. गॅरेजात झाकून ठेवलेल्या गाडीचं रबरही म्हातारं होतंच.

एवढं मान्य केलं की ‘उघडलंच आहे तर’मधलं खरं निम्मं स्वच्छ दिसतं. जे नळ्यांच्याच वयाचं आहे, नळ्यांसारखंच काळाने आणि उष्णतेने मरतं, आणि ज्याच्यापर्यंत पोचायला हाच मॅनिफोल्ड पुन्हा उतरवावा लागेल, ते आत्ताच बदलावं. पहिला मान इंधनाच्या बाजूला. मॅनिफोल्डखाली इंधनाच्या रेलवर पल्सेशन डॅम्पर नावाची एक डबी असते. इंजेक्टर उघडझाप करताना पेट्रोलच्या दाबात जे ठोके बसतात ते जिरवणं हे तिचं काम. तिच्यातला पडदा फाटला की पेट्रोल गरम इंजिनावर गळतं, आणि या पिढीतल्या आणि तिच्या आधीच्या पिढीतल्या आरएक्स-७ गाड्यांना लागलेल्या आगींमध्ये या डबीचं नाव वारंवार येतं. तिच्याबरोबर इंजेक्टरच्या ओ-रिंगा, तिथल्या इंधनाच्या रबरी होज, थ्रॉटल बॉडीला जाणारे कूलंटचे छोटे पाईप, मॅनिफोल्डची गॅस्केट. रोटरीला सील ओल्या ठेवण्यासाठी थोडं ऑइल मोजून आत सोडावं लागतं. ते वाहून नेणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक नळ्याही कडक झालेल्या असतात, आणि नुसता धक्का लागला तरी मोडतात. यांतली एकही वस्तू मॅनिफोल्डच्या मजुरीपुढे महाग नाही. इथे काटकसर करणारा मालक मला हिशोबी वाटत नाही.

आता दुसरं निम्मं. यादी इथे थांबत नाही. डॅम्पर झाला, तर सगळे सोलेनॉइड का नकोत? मग वायरिंग, सेन्सर, वॉटर पंप, अल्टरनेटर, टर्बो? प्रत्येक वस्तूला तोच युक्तिवाद चालतो: जुनी आहे, जवळ आहे, आत्ता स्वस्तात होईल. यामागे एक न बोललेलं गृहीत असतं, की नवी वस्तू जुनीपेक्षा नेहमीच सुरक्षित, आणि जितकं जास्त बदलू तितकं इंजिन भरवशाचं. हे गृहीत तपासलं गेलेलं आहे, आणि तेही गॅरेजपेक्षा फार मोठ्या कारखान्यात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडची लिबरेटर विमानं जर्मन पाणबुड्यांच्या मागावर असत, आणि दर ५० तासांच्या उड्डाणानंतर त्यांची ठरलेली तपासणी होई. सी. एच. वॉडिंग्टन हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनपेक्षित दुरुस्त्या कधी निघतात याचा आलेख मांडला. तपासणी उपयोगी असेल, तर तिच्यानंतर बिघाड सर्वांत कमी असायला हवे आणि पुढच्या तपासणीपर्यंत हळूहळू वाढायला हवे. झालं उलट. बिघाड तपासणीनंतर लगेच सर्वांत जास्त होते आणि उड्डाणाचे तास वाढतील तसे उतरत गेले. म्हणजे तपासणी जे चाललं होतं ते बिघडवत होती. हे सारं वॉडिंग्टन यांच्या १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आहे.

पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी विमान-देखभालीवर एक अहवाल लिहिला. देखभालीच्या शास्त्रात तो पायाचा मानतात. विमानातल्या भागांचे बिघाड वयाप्रमाणे कसे वागतात हे त्यांनी तपासलं तेव्हा असं दिसलं, की ठरावीक वयानंतर बदलण्याचा फायदा फक्त ११ टक्के भागांना होण्यासारखा होता. उरलेल्या ८९ टक्क्यांत म्हातारपणाचा असा टप्पाच नव्हता. आणि ६८ टक्के भाग असे, की त्यांचा बिघाडाचा धोका बसवल्यानंतर लगेच सर्वांत जास्त आणि नंतर कमी होऊन स्थिर. असा भाग ‘जुना झाला’ म्हणून बदलणं म्हणजे धोक्याच्या वयातून पार पडलेल्याला पुन्हा त्याच वयात ढकलणं.

आकडे कोरडे वाटत असतील तर ५ मे १९८३ चा दिवस पाहावा. ईस्टर्न एअरलाइन्सचं ट्रायस्टार विमान १७२ जणांना घेऊन मायामीहून नासाउला निघालं होतं. त्याच्या तिन्ही इंजिनांच्या ऑइलमधले धातूचे कण पकडणारे चिप डिटेक्टर नुकतेच बदलले होते. इंजिनाचा आजार आधी कळावा म्हणूनच केलेलं ते काम. पण नवे डिटेक्टर बसवताना ओ-रिंगा घातल्याच गेल्या नाहीत, आणि तेही तिन्ही इंजिनांवर. ऑइल गळून गेलं. एक इंजिन वैमानिकांनी बंद केलं, उरलेली दोन आपोआप बंद पडली, आणि समुद्राच्या दिशेने घसरत चाललेलं विमान आधी बंद केलेलं इंजिन कसंबसं पुन्हा सुरू झाल्यामुळे मायामीला परतलं. सगळे वाचले. करायला गेले गणपती आणि होत होता मारुती. तीन इंजिनं असतात ती एक बिघडलं तर दोन उरावीत म्हणून. पण एकाच रात्री, एकाच समजुतीने तिन्हींना हात लागला, आणि तो सगळा बंदोबस्त फुकट गेला.

विमानाचे आकडे गाडीला कसे लावता, हा आक्षेप रास्त आहे. टक्केवारी जशीच्या तशी लागू होणार नाही हे उघड आहे. विमानाला नेमून दिलेली तपासणी असते, एफडीला क्वचितच कुणी हात लावतं. पण टक्केवारीमागची यंत्रणा तीच आहे, आणि या नळ्यांच्या कामात ती डोळ्यांनी दिसते. बूस्ट ताब्यात ठेवणाऱ्या दोन नळ्यांच्या आत पितळेचे इवलेसे दाणे बसवलेले असतात. त्यांच्या बारीक भोकातूनच दाब पुढे जावा अशी योजना आहे. जुनी नळी ओढून काढली आणि कचऱ्यात टाकली की दाणा तिच्याबरोबर जातो, आणि चकचकीत नव्या नळीने जोडलेल्या इंजिनाच्या बूस्टचा हिशोब चुकतो. एकमार्गी व्हॉल्व्ह उलटा बसतो. शेजारच्या दोन निप्पलवरच्या नळ्यांची अदलाबदल होते. उष्णतेने बिस्किटासारखे झालेले वायरिंगचे कनेक्टर बोट लागताच फुटतात. उघड्या इनटेकमध्ये एखादा नट पडतो, आणि तो पडल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. यांतला एकही दोष वयाचा नाही. सगळे हाताचे आहेत. हात फिरे तिथे लक्ष्मी वसे हे घरकामाला खरं असेल. या मॅनिफोल्डखाली हात फिरला की काय वसेल ते सांगता येत नाही.

म्हणून मी रेघ अशी ओढेन. ‘आत्ता हात पोचतो’ हे बदलण्याचं कारण नव्हे. कारण दोन गोष्टींच्या जोडीत आहे: ती वस्तू काळाने मरणारी असावी, आणि पुढे तिच्यापर्यंत हात पोचणं महाग असावं. एकच अट पुरी होत असेल तर थांबावं. यातून एक निष्कर्ष निघतो, तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटा वाटतो. जे सहज हाती येतं ते या कामात मुद्दाम करू नये. एफडीचे चार स्पार्क प्लग मॅनिफोल्डला हात न लावता केव्हाही बदलता येतात. ते याच वेळी बदलले, कॉइलच्या वायरीही बदलल्या, एअर फिल्टरही नवा घातला, आणि सुरू केल्यावर इंजिन थरथरलं, तर संशयितांची रांग उभी राहते. नळ्या एवढ्याच नव्या असतील तर शोध नळ्यांपाशीच सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. कूलंटची हवा वेगळी करणारी प्लास्टिकची टाकी हेही असंच उदाहरण. ती वयाने तडकते आणि तडकली तर इंजिन तापून मरतं, म्हणजे ती बदलायलाच हवी. पण तिच्यासाठी मॅनिफोल्ड उतरेपर्यंत वाट पाहायची नसते. ते काम आधीच, स्वतंत्रपणे करायचं.

सोलेनॉइडबाबत माझं मत डळमळतं हे कबूल करतो. ते मॅनिफोल्डखाली आहेत, म्हणजे एक अट पुरी. उष्णतेत शिजलेले आहेत, पण त्यांच्या मरणाला ठरलेलं वय नाही. काही पंचवीस वर्षांनीही खणखणीत टिकटिकतात. सगळे नवे घ्यायचे तर खर्च नळ्यांच्या अनेक पट, आणि एखादा नवाही सदोष निघू शकतो. मी बदलण्याऐवजी चाचणीच्या बाजूला झुकेन. प्रत्येकाला बारा व्होल्ट द्यावेत, हवेची वाट खरोखर बदलते का ते पाहावं, हातपंपाने निर्वात धरून ठेवतो का ते पाहावं, आणि जमलं तर हे गरम करूनही करावं, कारण काही जण थंडीत शहाण्यासारखे वागतात आणि तापले की दगा देतात. नापास होईल तेवढाच बदलावा. इंजेक्टर मात्र स्वच्छ करून त्यांचा प्रवाह मोजून घेणं मला योग्य वाटतं. एकाचा प्रवाह कमी असला तर त्या रोटरचं मिश्रण विरळ होतं, आणि विरळ मिश्रणाचा शेवट कुठे होतो ते वर आलंच आहे. टर्बो चालत असतील तर त्यांना हात लावू नये.

काही मालक म्हणतात, हा सगळा गुंताच कशाला? दोन्ही टर्बो सदैव एकत्र चालू ठेवा किंवा एकच मोठा टर्बो बसवा, बहुतेक नळ्या काढूनच टाका. नसलेली नळी तडकत नाही, हा युक्तिवाद बिनतोड आहे. त्याची किंमत म्हणजे खालच्या फेऱ्यांवरची ती तत्पर ओढ जाते, आणि ज्यांना रेसच्या ट्रॅकवरच जायचं आहे त्यांना ती परवडते. पण एवढं करूनही दाबाची खबर देणारी नळी राहते आणि बूस्टला लगाम घालणारीही राहते. इंजिन मारणाऱ्या याच तर दोन. इंधनाच्या ओ-रिंगाही राहतात. सिलिकॉनच्या नळ्यांचे भक्तही असेच अर्धे बरोबर आहेत. सिलिकॉन उष्णतेला आणि ओझोनला साध्या रबरापेक्षा खूप चांगलं तोंड देतं. पण ते पेट्रोलला टिकत नाही, आणि मऊ असल्यामुळे धारदार कडेवर चिरतं. व्हॅक्यूमला ते घालावं, इंधनाला कधीच नाही.

राहिला पैशाचा आक्षेप. मेकॅनिक यादी वाढवतो ती स्वतःच्या फायद्यासाठी, असा संशय मालकांना असतो. तो कधी खराही असतो. पण छोटी यादी करून चार महिन्यांनी ‘आता हेही गेलं’ म्हणून पुन्हा उघडण्यात गॅरेजचा फायदा जास्त असतो हे विसरलं जातं. खरा प्रश्न काम सुरू होण्याआधीचा आहे. रोटरीचं कॉम्प्रेशन तीन बाजू वेगवेगळ्या दाखवणाऱ्या खास मीटरने मोजता येतं, आणि मॅनिफोल्डला हात लावायच्या आधी ते मोजून घ्यावं. आकडे पडलेले असतील तर इंजिन लवकरच उतरणार आहे. मग नळ्या तेव्हाच बदलाव्यात, आत्ताची मजुरी वाया आहे. चांगले असतील तर वर सांगितलेली यादी करावी, प्रत्येक नळी काढण्याआधी तिचा फोटो घ्यावा, दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी आणि जुनी नळी चिरून आत दाणा नाही ना ते पाहूनच टाकावी. मॅनिफोल्ड परत बसवण्याआधी इंजिन सुरू न करता फक्त पेट्रोलचा पंप चालवावा. डायग्नोसिसच्या डबीतली दोन टोकं जोडली की तो चालतो. मग टॉर्च घेऊन डॅम्पर आणि इंजेक्टरची मुळं नीट न्याहाळावीत. तिथे ओल दिसली तर ते चार बोल्टांचं काम आहे, मॅनिफोल्ड चढल्यावर तेच दोन दिवसांचं होतं. स्पार्क प्लग आणलेले असतील तर ते खोक्यातच राहू द्यावेत, आणि पाचशे किलोमीटर विनातक्रार झाल्यावर लावावेत.